राणीची रेल्वे आणि आपलं जंगल

तळोदा तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. चुलीवर काही चढवलं असेल तर उतरवू नका, हातातलं काम थांबवू नका. रेडिओचा आवाज जरा वाढवा आणि काम करता करता ऐका.

आज एका राणीची गोष्ट आहे. ही राणी भारतात कधी आलीच नाही, पण आपल्यातल्या कितीतरी जणींच्या गळ्यात ती आहे. आजीकडून आलेला चांदीच्या रुपयांचा हार घरात असेल तर त्यातलं एखादं नाणं उजेडात धरून बघा. एका बाईचं तोंड दिसेल. पुढच्या काळातल्या नाण्यांवर तिच्या डोक्यावर मुकुटही आहे. ती इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. आपण त्या नाण्याला राणीछाप म्हणतो, कुणी कलदार म्हणतं. कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला रुपया. त्याआधी रुपये हातोड्याने ठोकून पाडत. कडेने चांदी खरवडून घेतली तरी चटकन कळायचं नाही. मुंबईच्या टांकसाळीत वाफेची यंत्रं बसली आणि सगळे रुपये एका मापाचे, कडेला बारीक रेघा असलेले पडायला लागले. वजन बरोबर एक तोळा, आजच्या हिशोबात साडेअकरा ग्रॅमच्या थोडं वर. जाता जाता सांगून ठेवतो, हार गहाण ठेवायची वेळ आलीच तर नाणी मोजून द्या आणि वजन पावतीवर लिहून घ्या.

ही राणी १८३७ मध्ये गादीवर बसली आणि १९०१ मध्ये वारली. या चौसष्ट वर्षांत जगात यंत्रांची जणू लाट आली. कापडाला टीप घालणारं शिवणयंत्र त्याच काळातलं, ते अमेरिकेत तयार झालं. दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल १८८५ च्या सुमाराची. तिच्या टायरात हवा भरायची युक्ती १८८८ मध्ये डनलॉप नावाच्या एका जनावरांच्या डॉक्टरने काढली, तीही स्वतःच्या मुलाच्या तीनचाकी गाडीसाठी. आठवीत गेलेल्या आपल्या मुली मानव विकासच्या सायकलवर शाळेला जातात, ती सायकल याच घराण्यातली. एक पैशाचं पोस्टकार्ड १८७९ मध्ये आलं, पोस्टाची मनिऑर्डर १८८० मध्ये आणि पोस्टातलं बचत खातं १८८२ मध्ये. म्हणजे बँकेची पायरी चढायच्या कितीतरी आधी पोस्टात बचत करायची सोय होती. ती किती बायकांपर्यंत पोहोचली, ही वेगळी गोष्ट.

पण या सगळ्यांतली एकच वस्तू आज आम्ही घेणार आहोत, ती म्हणजे आगगाडी. तुम्ही म्हणाल, तळोद्यात कुठे आगगाडी आहे? खरंय. आपल्याला गाडी धरायची तर तापी ओलांडून नंदुरबारला जावं लागतं. पण ज्या आगगाडीचा रूळ आपल्या तालुक्यात कधी पडला नाही, तिने आपल्या जंगलाचं काय केलं, हे आपल्याला माहीत असायला हवं. कारण आपल्या घरात वनपट्ट्याचा जो कागद आहे, किंवा ज्या कागदासाठी आपण अजून खेपा घालतोय, त्याचं मूळ तिथे आहे.

भारतात माणसं घेऊन जाणारी पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. चौदा डबे, तीन इंजिनं, चारशेच्या आसपास पाहुणे. अंतर एकवीस मैल, म्हणजे चौतीस किलोमीटर. मुंबईचे नाना शंकरशेट या कंपनीच्या उभारणीत पुढे होते. त्या दिवशी तोफा वाजल्या, बँड वाजला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे, मुलांना विचारा, सांगतील.

पुस्तकात सहसा नसते ती पुढची गोष्ट. मुंबईहून पुण्याकडे जायचं तर मधे सह्याद्री उभा. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाट फोडायला १८५६ मध्ये सुरुवात झाली आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. डोंगराच्या पोटातून पंचवीसेक बोगदे काढले, दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल बांधले. काम भरात होतं तेव्हा चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. तिथे फक्त पुरुष नव्हते, कुटुंबंच्या कुटुंबं होती. बाप सुरुंग लावायचा, आई पाटीत दगडमाती भरून डोक्यावर वाहायची, पोरं तिच्या मागे. बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी. हे ऐकून आपल्यापैकी कुणाला नवल वाटणार नाही. पटकी, ताप आणि दरडी यांनी किती माणसं गेली याची नीट गणती कुणी ठेवली नाही, पण ती हजारांत होती. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकली म्हणून मजूर चिडून उठले, दंगा झाला आणि पहिल्या ठेकेदाराला काम सोडावं लागलं.

त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा ठेकेदार विलायतेहून बायकोला घेऊन आला. आल्यावर थोड्याच आठवड्यांत तो आजारी पडून वारला. त्याची बायको ॲलिस. परका मुलुख, घाटात हजारो मजूर, अर्धवट खणलेले बोगदे आणि अंगावर एवढा मोठा ठेका. ती मायदेशी निघून गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण तिने ठेका सोडला नाही. कामाची माहिती असलेल्या इंजिनिअरांना हाताशी धरलं आणि काम पुरं करून दिलं. तिने त्या कामाचे फोटोही काढले होते.

आमच्या गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक जण म्हणाली, "तिला नवऱ्याच्या जागी उभं राहू दिलं, हेच मोठं." दुसरी लगेच म्हणाली, "आणि डोक्यावर पाटी घेतलेलीचं नाव काय होतं?" तिचं नाव कुठेच नाही. आम्हाला दोघींचंही बोलणं पटलं. ॲलिसबाईची हिंमत मोठीच. पण तिच्या ठेक्यावर पाटी वाहणाऱ्या बाया आपल्यासारख्या होत्या, आणि आज ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या आपल्या बहिणींचा मुकादमाकडचा हिशोब बघितला तर फार काही बदललंय असं वाटत नाही.

आता रुळाकडे येऊ. नंदुरबारला फलाटावर उभं राहून खाली बघितलं तर दोन लोखंडी रूळ दिसतात आणि त्यांच्या खाली आडव्या टाकलेल्या सिमेंटच्या तुळया दिसतात. या तुळयांना स्लीपर म्हणतात. स्लीपर म्हटल्यावर झोपायचा डबा आठवतो, पण हा स्लीपर वेगळा. गाडीचं वजन तो खडीवर पसरवतो आणि दोन रुळांमधलं अंतर सरकू देत नाही. आज तो सिमेंटचा आहे. राणीच्या काळात तो बहुतेक लाकडाचा असे, आणि लाकूड साधंसुधं चालत नसे. उन्हापावसात, वाळवीत टिकेल असं हवं. इकडे साग, तिकडे साल, हिमालयात देवदार.

एक मैल रूळ टाकायला १,७६० ते २,००० स्लीपर लागत. म्हणजे मुंबई ते ठाणे एवढ्याशा अंतराला, एकच रूळ धरला तरी, सदतीस ते बेचाळीस हजार स्लीपर झाले. १८९० पर्यंत देशात पंचवीस हजार किलोमीटरच्या वर रूळ पडले होते. बचत गटाचा हिशोब लिहिणाऱ्या बायांनो, करा गुणाकार. आणि एकदा टाकून भागत नव्हतं. लाकडाचा स्लीपर दहा-पंधरा वर्षांत कुजायचा, मग नवा टाका. शिवाय इंजिनाला जळण. दगडी कोळशाच्या खाणी सगळीकडे जवळ नव्हत्या, तिथे लाकूडच जाळत.

एवढं लाकूड कुठून आणायचं? सरकारचं लक्ष जंगलाकडे गेलं ते असं. त्याआधीही गेलं होतं म्हणा. नवापूरच्या पलीकडे डांग आहे, तिथलं सागवान इंग्रजांनी १८४० च्या दशकातच तिथल्या भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं होतं, मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला. पण जहाजांची भूक आणि रेल्वेची भूक यांत फार फरक होता.

आणि आपलं तळोदा? जुन्या गॅझेटिअरांत तळोद्याची नोंद सापडते. खानदेशातला मोठा लाकूडबाजार म्हणून तळोद्याचं नाव होतं. सातपुड्यातून उतरलेलं लाकूड इथे यायचं. इथल्या लाकडी बैलगाड्या खानदेशात सर्वांत चांगल्या समजत, एका गाडीला चाळीसेक रुपये पडत. म्हणजे राणीछाप चाळीस रुपये, चाळीस तोळे चांदी. दुसरा व्यापार रोशा तेलाचा. डोंगरावरचं ते वासाचं गवत, भट्टी लावून त्याचं तेल काढायचं. खानदेश-निमाडचं हे तेल मुंबईमार्गे पार तुर्कस्तानपर्यंत जाई आणि तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. आपल्या डोंगरावरचं गवत कुणाच्या तरी अत्तरात! ते गवत कापणाऱ्या बाईला त्यातलं किती मिळालं असेल, त्याचा अंदाज आपला आपण करावा. गावाला १८६७ मध्ये नगरपालिका मिळाली ती या बाजारपेठेमुळेच असेल, असं आम्हाला वाटतं.

तर लाकडाचं गाव, लाकडाचा बाजार आणि देशभर लाकडाची मागणी. जंगल संपेल अशी भीती सरकारला वाटली आणि ती खोटी नव्हती. ठेकेदार मिळेल ते झाड तोडत सुटले होते. सरकारने १८६४ मध्ये वनखातं काढलं, त्याचा पहिला मुख्य अधिकारी ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस होता. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला आणि १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक. या १८७८ च्या कायद्याकडे जरा लक्ष द्या. त्याने जंगलाचे प्रकार पाडले. एक राखीव वन, एक संरक्षित वन. फरक सोपा आहे. संरक्षित वनात जे मना केलं नसेल ते करता येतं. राखीव वनात ज्याची परवानगी दिली नसेल ते काहीच करता येत नाही. एक गावाचं वन म्हणूनही प्रकार होता, तो बहुतेक कागदावरच राहिला. १९२७ मध्ये तोच कायदा पुन्हा लिहिला गेला आणि तो आजही चालू आहे. "राखीव", "संरक्षित" हे शब्द आपण वनरक्षकाच्या तोंडून ऐकतो, ते राणीच्या काळातले आहेत.

कागदावर एक रेघ ओढली गेली. रेघेच्या अलीकडे शेत, पलीकडे राखीव वन. कालपर्यंत आजीची आजी जिथून सरपण आणत होती, मोहाची फुलं वेचत होती, डिंक, चारोळी, कंद आणत होती, बकऱ्या चारत होती, जिथे नाचणी-भगर पिकवत होती, ती जागा एका सकाळी सरकारची झाली आणि मोळी आणणारी बाई चोर झाली. कोयता जप्त, मोळी जप्त, दंड वेगळा. त्यातून सुटायचं तर कोंबडी द्या, अंडी द्या. आमच्या म्हाताऱ्या बाया हे अजून सांगतात.

हे फक्त डोंगरातल्या लोकांना कळत होतं असं नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं, त्यात या वनखात्याबद्दल स्पष्ट लिहून ठेवलंय. थोडी जमीन असलेला गरीब शेतकरी रानातली फळं, पानं, फुलं, वाळकं लाकूड यांवर आणि गायरानावर राखलेल्या एखाददुसऱ्या जनावरावर तग धरायचा, ते रान आणि गायरान खात्याने घेतलं, असा त्यांचा आरोप आहे. आणि ते पुण्याकडचं बोलत होते. सातपुड्यात तर लोकांचं सगळंच रानात होतं.

आपल्या तळोद्यात वनखात्याच्या कार्यालयावर "मेवासी वनविभाग" अशी पाटी आहे. मेवासी हा शब्द कुठला? सातपुड्यात काठीसारखी भिल्ल सरदारांची छोटी छोटी राज्यं होती, त्यांना मेवासी म्हणत. काठीची राजवाडी होळी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. राज्यं गेली, पाटीवर नाव राहिलं. त्या पाटीखालून जाताना आम्हाला दर वेळी वाटतं की या नावाच्या मागे जी माणसं आहेत त्यांनाच त्या दारात पाय ठेवताना का भीती वाटावी?

आगगाडी खुद्द आपल्या भागात यायला राणीच्या राज्याची शेवटची वर्षं उजाडली. सुरतेहून निघून नवापूर, नंदुरबार, दोंडाईच्यावरून अमळनेरकडे जाणारी तापी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या आसपास सुरू झाली. ती तापीच्या दक्षिणेने गेली, आपण उत्तरेला राहिलो. कापूस, धान्य, लाकूड नंदुरबारच्या स्टेशनावर जाऊ लागलं आणि तिकडची बाजारपेठ वाढली. आता तर तो मार्ग दुहेरी झाला, विजेवर चालतो.

रेल्वेला नुसत्या शिव्या द्याव्यात असं आमचं म्हणणं नाही. बाळंतपण अडलं, मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, मुलीला शिकायला पाठवायचंय, तर स्टेशनाचा आधार वाटतो. गरिबाला सर्वांत स्वस्त तिकीट आजही रेल्वेचंच. पण त्याच गाडीने आपली माणसं सुरतेकडे, बारडोलीकडे, ऊस तोडायला आणि बांधकामावर जातात. आधी जंगलातली भाकरी गेली, मग भाकरीमागे माणसं गेली. पोस्टाच्या मनिऑर्डरीची वाट बघत कित्येक सासवांनी दिवस काढलेत. आता मोबाइलवर पैसे येतात आणि बँक मित्र अंगठा लावून हातात देते. वाट बघणं तेच आहे.

आता कागदाकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे.

इंग्रजांनी रूळ टाकले तशी जमीनही मोजली. सात-बारावर गुंठा लिहितात, तो कुठून आला माहीत आहे? मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. डोंगरांची उंची मोजली, नकाशे काढले, आणि प्रत्येक जिल्ह्याची माहिती लिहून जाडजूड पुस्तकं छापली, त्यांना गॅझेटिअर म्हणतात. आपल्या खानदेशचं १८८० मध्ये निघालं, जेम्स कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. त्यात अक्राणीच्या डोंगराची माहिती आहे, तिथे पावरा, भिल्ल लोक राहतात, शेती करतात, त्यांचे रीतिरिवाज काय, असं सगळं आहे. आपल्याबद्दल त्यात पुष्कळ ठिकाणी हिणवून लिहिलंय, ते वाचून राग येतो. पण माणसं तिथे होती आणि जमीन कसत होती, हे सरकारनेच १८८० मध्ये छापून ठेवलंय.

याचा उपयोग काय? २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत आहे, तिचा हक्क त्या कुटुंबाला मिळतो, जास्तीत जास्त चार हेक्टर, साधारण दहा एकरांपर्यंत. त्यासाठी पुरावे लागतात, कमीत कमी दोन. नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात गॅझेटिअर, जनगणना, मोजणीचे अहवाल आणि नकाशे यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे राणीच्या साहेबांनी ज्या पुस्तकात आपल्याला हिणवलं तेच पुस्तक आज आपल्या बाजूने साक्ष देऊ शकतं. अर्थात गॅझेटिअरात कुणाच्या शेताचा बांध लिहिलेला नसतो. गाव जुनं आहे, वस्ती जुनी आहे, एवढं त्यातून सिद्ध होतं, सामूहिक हक्काच्या दाव्याला ते जास्त कामाला येतं. स्वतःच्या शेतासाठी दुसरे पुरावे जोडायचे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, शेतातला बांध, विहीर, जुनी आंब्या-मोहाची झाडं, झोपडी, देवाची जागा, पूर्वजांना पुरलेली जागा. आणि दंडाच्या पावत्या! ज्या पावत्या आजोबांनी रडत भरल्या, त्यांवर तारीख आहे, जागेचं नाव आहे, "अतिक्रमण" असा शेरा आहे. म्हणजे त्या तारखेला तुम्ही तिथे कसत होता याचा सरकारी शिक्का. पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्यामागे, पत्र्याच्या डब्यात कुठे अशी पावती असेल तर ती शोधा. उंदराने कुरतडली असेल तरी फेकू नका. आणि एखादा ठराविकच कागद आणा, नाहीतर दावा घेणार नाही, असं कुणी म्हणालं तर तसा हट्ट धरता येत नाही, हे नियमातच आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. या कायद्यात लिहिलंय की नवरा-बायको असतील तर हक्काचा कागद दोघांच्या नावाने निघेल. बाई एकटी घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावाने निघेल. हा हक्क विकता येत नाही, वारसाने मात्र पुढे जातो.

कायद्यात आहे आणि कागदावर नाही, असं कसं होतं ते सांगतो. आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट आहे, गाव सांगत नाही. तिच्या सासरच्या जमिनीचा पट्टा निघाला, त्यावर फक्त नवऱ्याचं नाव. दोघांनी मिळून कसलेली जमीन, बांध तिने घातलेले. पट्टा मिळाला याचाच एवढा आनंद की नाव बघायचं कुणाला सुचलं नाही. तीन वर्षांनी नवरा ऊसतोडीवर असताना वारला. दिराने पट्ट्याचा कागद स्वतःकडे ठेवून घेतला आणि म्हणाला, तुझं यात नाव कुठे आहे? वारस म्हणून नाव लागायला तिला दीड वर्ष खेपा घालाव्या लागल्या. एका खेपेचं भाडं म्हणजे तिची एका दिवसाची मजुरी. शेवटी गटातल्या नऊ जणी तिच्याबरोबर जाऊन कार्यालयाच्या व्हरांड्यात बसल्या, तेव्हा फाइल हलली. पहिल्या दिवशीच कागदावर दोन नावं असती तर यातलं काही झालं नसतं.

म्हणून आमची विनंती आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला वनपट्टा किंवा दाव्याची पोच घेऊन यावं. वाचता येत नसेल तर जिला येतं तिने मोठ्याने वाचावं. आपलं नाव आहे का, ते बघा. नावात चूक आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, चतुःसीमा लिहिल्यात का, ते बघा. पूर्वी साखळीने मोजत, आता जीपीएसच्या यंत्राने मोजतात, पण मोजणाऱ्या माणसाने बांधावरून फिरायलाच पाहिजे. झाडाखाली बसून मोजणी होत नाही. मोजणीच्या दिवशी घरातली बाई शेतावर हजर असावी, कुठला बांध आपला हे तिला पक्कं माहीत असतं. नाव राहिलं असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन दुरुस्तीचा अर्ज करा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. दावा नाकारला असेल तर कारण लेखी मागा. ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे आणि तिचा मान्य नसेल तर जिल्हा समितीकडे साठ दिवसांच्या आत दाद मागता येते. दिवस निर्णयापासून मोजतात, म्हणून तारीख लिहून ठेवा.

गावाच्या वनहक्क समितीत एक तृतीयांश तरी बाया असायला हव्यात. आपल्या पाड्याच्या समितीत त्या कोण आहेत, हे आठवून बघा. नावं आठवली नाहीत तर त्या कागदावरच्या सदस्य आहेत असं समजा. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी हजर माणसांत एक तृतीयांश बाया लागतात, तेव्हा रजिस्टरवर नुसता अंगठा द्यायला जाऊ नका, ठराव वाचून दाखवा म्हणा.

आणि मोह, तेंदू, बांबू, मध, डिंक हे गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क याच कायद्यात गावाला मिळालेला आहे. मोहाच्या फुलांचे पैसे कुणाच्या हातात जातात, व्यापारी कुठल्या काट्यावर तोलतो, गटाने मिळून साठवून विकलं तर किलोमागे किती जास्त पडतात, याचा हिशोब दोन गटांनी गेल्या हंगामात मांडला. त्या दोन्ही गटांच्या बाया पुढच्या वेळी इथे बसून तो स्वतः सांगणार आहेत, वजनकाटा घेऊन.

खानदेश गॅझेटिअर कुठे मिळेल असं कुणी विचारेल. ते इंग्रजीत आहे. जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात चौकशी करा, आणि गटातल्या कुणाचा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल तर त्यांना कामाला लावा, इंटरनेटवरही ते सापडतं. आपल्या भागाची पानं छापून आणायची आणि ग्रामसभेकडे एक प्रत ठेवायची. दाव्याचा नमुना अ कसा भरायचा, हे विचारायचं असेल तर आपल्या गटाच्या सहयोगिनीताईला सांगा, त्या आम्हाला निरोप देतील.